फटफटी, थंडी आणि पुढचा ब्रेक

बेलापूर म्हटले की मुंबईकडच्या माणसाला खाडीकाठचे बेलापूर आठवते. आमचे बेलापूर ते नव्हे. हे प्रवरेच्या काठचे, श्रीरामपूर तालुक्यातले, नगर जिल्ह्यातले. आता २०२४ पासून अहिल्यानगर जिल्ह्यातले. या गावाची एक मौज सांगतो. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला, तेव्हा श्रीरामपूर नावाचे गावच नव्हते. माळावर एक स्टेशन उभे राहिले आणि त्याला जवळच्या नांदत्या गावाचे नाव मिळाले. रेल्वेच्या कागदोपत्री ते ‘बेलापूर’ झाले. पुढे स्टेशनाभोवती पेठ वसली, कालव्याच्या पाण्याने ती फुगली, तिचे श्रीरामपूर झाले. बेलापूर मात्र होते तिथेच राहिले. म्हणजे बेलापूरच्या माणसाला बेलापूरची गाडी पकडायची तर पाच-सहा किलोमीटर जावे लागते!

हे पाच-सहा किलोमीटर आधी पायी, मग टांग्याने, मग सायकलने आणि शेवटी फटफटीवरून कापले गेले. ‘फटफटी’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो. मोटारसायकल म्हटले की दुकानात उभी केलेली चकचकीत वस्तू डोळ्यांपुढे येते. फटफटी म्हटले की पहाटेचा अंधार, दुधाच्या किटल्या, कानाला गुंडाळलेला मफलर आणि दूर कालव्याच्या पुलावरून येणारा तो ओळखीचा आवाज येतो. आपल्याकडचा माणूस ही फटफटी चालवायला शिकला कसा, आणि थंडीत अंगावर काय घालून तो ती चालवीत होता, हा आजच्या लेखाचा विषय आहे. वाचकहो, तुम्ही म्हणाल, इतिहासाच्या प्राध्यापकाला निजामशाही सोडून हे कुठले खूळ सुचले? खूळ जुने आहे. त्याचे कारण माझ्या डाव्या मनगटात आहे. ते पुढे सांगतो.

आधी थंडीविषयी. महाराष्ट्राबाहेरच्या माणसाला वाटते की दख्खनमध्ये थंडी ती कसली! त्याने डिसेंबरात नगर किंवा निफाड गाठावे. उंच पठार, कोरडी हवा, निरभ्र आकाश. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली सगळी ऊब आभाळाला देऊन टाकते. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे पारा दहा अंशांच्या खाली उतरणे ही बातमी नव्हे. त्यात आमचा मुलूख कालव्याचा. प्रवरेवरचे भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले आणि ओझरच्या बंधाऱ्यापासून निघालेल्या कालव्यांनी हा भाग हिरवा झाला. हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना निघाला, टिळकनगरला डहाणूकरांचा निघाला, आणि १९५० साली पलीकडे लोणीला सहकारी कारखान्याचा पहिला हंगाम झाला. ऊस आला, गाई-म्हशी आल्या, दूध आले. पण ओल्या रानात आणि सखल जागी पहाटेचा गारठा साचून राहतो. पहाटे या रस्त्याने गाडी चालवलेल्या कोणालाही विचारा. उघड्या माळावर बरे असते. उसाच्या दोन फडांमधून रस्ता खाली कालव्याकडे उतरला की एकदम कोणीतरी गार पाण्याचा तांब्या छातीवर ओतल्यासारखे होते.

आणि गळिताचा हंगाम असतो तो नेमका याच दिवसांत. रस्त्यावर उसाच्या बैलगाड्या, ट्रॅक्टर, त्यांच्यामागे दोन-दोन ट्रॉल्या. कित्येकांना मागे दिवा नाही. खाली पाचट सांडलेले. दूध पोचवायची वेळही तीच, कॉलेजला आणि गाडीला जायची वेळही तीच. थंडी, अंधार, ऊस आणि फटफटी अशी चौघांची गाठ आमच्याकडे दर वर्षी पडते.

आता फटफटीकडे येऊ. नगर जिल्ह्याचे पहिले मोठे गॅझेटियर १८८४ साली छापले गेले. त्यात गाडीबैलांची, घोड्यांची, घोंगड्यांची माहिती शोधावी. फटफटीची सापडणार नाही. कारण जर्मनीत गॉटलीब डाइमलरने लाकडी सांगाड्यावर इंजिन बसवून पहिली दुचाकी बनवली ती १८८५ साली. एका वर्षाने हुकले म्हणायचे. पहिल्या महायुद्धापर्यंत विलायतेत हे वाहन चांगलेच रुळले. १९१४ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश सैन्याला निरोप पोचवणारे स्वार हवे होते, तेव्हा विद्यापीठांतली तरुण मुले आपापल्या मोटारसायकली घेऊनच भरतीला आली. दुसऱ्या महायुद्धात हे काम फार वाढले. लष्कराला लवकरच कळून चुकले की गाडी येणे निराळे आणि गाडी रात्री, पावसात, हिमात, दिवा झाकून चालवता येणे निराळे. मग स्वारांसाठी शाळा निघाल्या. धडे ठरले, मैदाने ठरली, पोषाख ठरला: जाड कोट, मनगटाच्या वर येणारे चामडी हातमोजे, गुडघ्याशी भिडणारे बूट.

टोपीची कथा मात्र स्वतंत्र सांगण्याजोगी आहे. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ या नावाने प्रसिद्ध असलेला टी. ई. लॉरेन्स १९३५ च्या मे महिन्यात मोटारसायकलवरून पडला आणि सहा दिवसांनी डोक्याच्या दुखापतीने वारला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचा मेंदूचा शल्यवैद्य होता. त्याने हा विषय मनात धरून ठेवला. १९४१ साली त्याने एक निबंध प्रसिद्ध केला. युद्धाच्या पहिल्या एकवीस महिन्यांत ब्रिटनच्या रस्त्यांवर २,२७९ मोटारसायकलस्वार आणि मागे बसणारे मेले होते. शत्रूच्या गोळीने नव्हे, साध्या अपघाताने. त्याच वर्षी नोव्हेंबरात ब्रिटिश लष्कराने निरोप्या स्वारांना शिरस्त्राण सक्तीचे केले. सामान्य नागरिकांना ते सक्तीचे व्हायला तिकडे १९७३ साल उजाडले. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ते आले. हा कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्यानंतर महाराष्ट्रात हेल्मेटसक्तीवरून जे रामायण झाले ते तुम्हाला ठाऊकच आहे. मी त्यात शिरत नाही. एवढेच म्हणतो, की हेल्मेटवर जेवढा वाद झाला त्याच्या शतांशानेही हातमोज्यांवर चर्चा झाली नाही.

शिक्षणाचेही तसेच. ब्रिटनमध्ये १९४७ पासून हौशी संस्थांनी नवशिक्यांसाठी ऐच्छिक वर्ग चालवले आणि डिसेंबर १९९० पासून रस्त्यावर येण्याआधी प्राथमिक शिक्षण घेणे सक्तीचे झाले. अमेरिकेत १९७३ साली यासाठी स्वतंत्र प्रतिष्ठान निघाले. आणि आमच्याकडे? विरोध पाहा. याच जिल्ह्यात, नगर शहरात, १९२० च्या दशकापासून लष्कराची चिलखती गाड्यांची शाळा आहे. तिथे माणसाला यंत्रावर बसवण्याआधी यंत्र म्हणजे काय ते पायरीपायरीने शिकवतात. तिथून काही तासांच्या अंतरावर, श्रीरामपूर-बेलापूरच्या रस्त्यावर, माणूस फटफटी शिकत होता तो मामाकडून, मेहुण्याकडून, नाहीतर शेजारच्या डेअरीवाल्याकडून. गावात मोटार ड्रायव्हिंग स्कूलची पाटी असली तरी ती चारचाकीसाठी. दुचाकी ‘शिकायची’ असते हेच कोणाच्या गावी नव्हते. ती ‘यायची’ असते.

याला आळस म्हणून चालणार नाही. माझ्या मते कारण ऐतिहासिक आहे. आपल्याकडे यंत्रे एकामागून एक अशा क्रमाने आली की प्रत्येक नवे यंत्र जुन्या यंत्राच्या ज्ञानावर चालवता येईल असे वाटावे. आधी सायकल. ती पोर दांडीखालून पाय घालून, कैची मारून, गुडघे फोडून शिकत असे. मग १९७२ साली नगरच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने लुना काढली. लुना म्हणजे काय? इंजिन लावलेली सायकल. पन्नास घनसेंटिमीटरचे इंजिन, पायाला पेडल, गिअर नाहीत. ज्याला सायकल येत होती त्याला लुना शिकवावी लागलीच नाही. प्राथमिक शिक्षक, पोस्टमन, तलाठी, कालव्याचे कारकून अशा सगळ्यांना आपल्याच जिल्ह्यात तयार झालेल्या या गाडीने सायकलवरून उचलले आणि इंजिनावर बसवले. हा फार मोठा सामाजिक बदल होता आणि त्याचे श्रेय त्या कारखान्याला दिलेच पाहिजे. (पुन्हा २०२४ च्या फेब्रुवारीत लुना विजेवर चालणारी होऊन आली, तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये दोन ज्येष्ठ सहकाऱ्यांचे डोळे पाणावले होते, हे जाता जाता नमूद करतो.)

ज्याला लुना आली तो राजदूतवर बसला. राजदूत १९६२ पासून भारतात होऊ लागली. मूळ पोलंडचा आराखडा, १७५ घनसेंटिमीटरचे टू-स्ट्रोक इंजिन, दणकट सांगाडा. जावा १९६१ पासून म्हैसूरला होत होती, एन्फिल्ड १९५५ पासून मद्रासला. पण दुधाच्या किटल्या वाहायला राजदूतसारखी गाडी नाही असा आमच्याकडे निकाल झाला होता. पुढे १९८५ साली हिरो होंडाची शंभर घनसेंटिमीटरची गाडी आली, थोड्या पेट्रोलात पुष्कळ पळू लागली, आणि फटफटी हा घरटी प्रकार झाला. वेग वाढत गेला, वजन वाढत गेले. शिकवणी मात्र होती तीच राहिली: सायकलची.

आणि या सायकलच्या शिकवणीत एक वाक्य होते. तुम्हीही ते ऐकले असेल. “पुढचा ब्रेक दाबू नको, उलटशील!”

सायकलपुरते हे वाक्य खरे आहे. सायकल हलकी, बैठक उंच, माणसाचे वजन सगळे वर. पुढचा ब्रेक कचकन दाबला तर माणूस हँडलवरून पुढे जातो. मोटारसायकलची गोष्ट निराळी. ती लांब, जड आणि बसकी. ब्रेक लागला की सगळा भार पुढच्या चाकावर येतो, ते चाक रस्त्याला घट्ट धरते, मागचे हलके होते. म्हणून कोरड्या, पक्क्या रस्त्यावर गाडी थांबवण्याचे अर्ध्याहून पुष्कळ अधिक काम पुढचा ब्रेक करतो. मागचा एकटाच जोराने दाबला तर चाक जागच्या जागी अडकते आणि गाडी शेपूट टाकते. वळणावर, वाळूवर, चिखलात पुढचा ब्रेक जपून दाबावा, हेही खरे; पण जपून दाबणे म्हणजे विसरणे नव्हे. बेलापूरकडच्या दोन पिढ्यांनी तो विसरायचाच असे समजून गाड्या चालवल्या. मी त्यांतला एक.

१९९८ च्या जानेवारीतली गोष्ट. मी बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला होतो, पुण्याची पहाटेची गाडी गाठायची होती. मामा रोज राजदूतवर श्रीरामपूरला दूध घालीत. त्या दिवशी त्यांना ताप होता. “मीच जातो, येताना किटल्या आणतो गाडीवाल्याकडून,” म्हणालो. परवाना खिशात होता. आठचा आकडा काढून, पाय न टेकता, मिळवलेला. अंगात स्वेटर, कानाला मफलर, हातात काही नाही. मामांनी अंथरुणातून विचारले, “पेपर घातलास का?” मामांची पद्धत अशी की निघताना कालचे वर्तमानपत्र उलगडून शर्टाच्या आत छातीपोटावर पसरायचे, त्यावर स्वेटर, त्यावर जुन्या बाजारातला मिलिटरी कोट. लेगगार्डला पुढून पोते बांधलेले. हातात सुती मोजे आणि त्यांवर रबरी. आम्ही पोरे त्यांना हसत असू. कॉलेजात जाणारा मुलगा छातीशी पेपर घालून जाईल का? मी नाही घातला.

चार किलोमीटरही गेलो नसेन. रस्ता कालव्याकडे उतरला, गारठा लागला. समोर अंधारात काहीतरी काळे दिसले. दिवा त्यावर पडला तेव्हा कळले, उसाची बैलगाडी. पुढचा ब्रेक शिकवलेला नव्हता, तरी त्या क्षणी हात आपोआप तिकडे गेला. पण बोटे मिटलीच नाहीत. हे मला आजही स्पष्ट आठवते. बोटे माझी होती, मी सांगत होतो, ती ऐकत नव्हती. मग पायाचा ब्रेक पूर्ण दाबला. खाली पाचट. मागचे चाक घसरले, किटल्या रस्त्यावर, दूध कालव्याच्या भरावावर, आणि मी मनगटावर. गाडीवान उतरून आला, त्याने मला उठवले, स्वतःच्या अंगावरची घोंगडी माझ्यावर टाकली. त्याला दोष द्यायला माझी जीभ आजही वळत नाही.

मनगट प्लास्टरमध्ये घालून घरी आलो. मामा रागावतील असे वाटले होते. ते एवढेच म्हणाले, “अरे, बोटं कुठं होती तुझी?”

“बधिर झाली होती मामा.”

“मग पेपर का नाही घातला?”

मला वाटले, तापात बरळताहेत. बोटांचा आणि छातीवरच्या पेपरचा संबंध काय? पुष्कळ वर्षांनी, एका शरीरशास्त्र शिकवणाऱ्या सहकाऱ्याने मला तो समजावून सांगितला. शरीराला थंडी लागली की ते आधी काळीज-फुप्फुसांची ऊब राखते. त्यासाठी हातापायांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात. राजधानी वाचवायला सरहद्दीवरची ठाणी सोडून द्यावीत तसे. छाती गार पडली की बोटांचा रक्तपुरवठा आधी तुटतो. छाती उबदार राहिली तर बोटे पुष्कळ वेळ शाबूत राहतात. हाताची कातडी सुमारे पंधरा अंशांपर्यंत गार झाली की बोटांची चपळाई उतरू लागते. आठ अंशांच्या आसपास स्पर्शही धड कळत नाही. मामांना यातले काही ठाऊक नव्हते. त्यांना एवढे ठाऊक होते की पेपर घातला की ब्रेक दाबता येतो.

पेपर का, तेही सांगतो. लोकर ऊब देते ती आपल्या धाग्यांत कोंडलेल्या हवेमुळे. वारा लागला की ती हवा निघून जाते. म्हणून घरात जे स्वेटर पुरते तेच गाडीवर जाळीसारखे वाटते. कागद वारा अडवतो, कोंडलेली हवा कोंडलेलीच राहते. युरोपातले सायकल-शर्यतवाले डोंगर चढून गेले की उतारावर लागण्याआधी छातीशी वर्तमानपत्र खुपसत, ते याचसाठी. विलायतेत मोटारसायकलवाल्यांसाठी मेण चोपडलेल्या सुती कापडाचे कोट निघाले, त्यांचे मूळ जहाजाच्या शिडाच्या कापडात आहे. तत्त्व तेच, वारा बाहेर, ऊब आत. वाऱ्याने थंडी किती वाढते याचे मोजमाप पॉल सायपल आणि चार्ल्स पासेल या दोघा अमेरिकनांनी दक्षिण ध्रुवाकडे बर्फात बसून केले आणि १९४५ साली प्रसिद्ध केले. आज वापरात असलेले सुधारलेले सूत्र २००१ चे आहे. ते आपल्या रस्त्याला लावून पाहा. पारा १० अंशांवर आहे आणि वारा ताशी ४० किलोमीटर, तर उघड्या कातडीला ते सुमारे ६ अंशांसारखे. वारा ताशी ६० असेल तर सुमारे ५. पारा ५ वर उतरला आणि वारा ६० चा, तर शून्याच्याही खाली, उणे २ च्या आसपास. आपण वारा नाही म्हणून खुशीत असतो. फटफटीवर बसलेला माणूस आपला वारा आपणच तयार करतो. ताशी ४० चा वेग म्हणजे सेकंदाला ११ मीटर, आणि ६० चा म्हणजे जवळजवळ १७. बधिर बोटाने एक सेकंद उशीर केला तर समोरची ट्रॉली तेवढी जवळ आलेली असते.

आमच्या मुलखाचे मूळचे थंडीचे वस्त्र म्हणजे घोंगडी. धनगराच्या मेंढीची लोकर, घट्ट वीण, रिमझिम पावसालाही दाद न देणारी. मेंढरांमागे चालणाऱ्या माणसाला तिच्यासारखे दुसरे काही नाही. पण ती गाडीवर चालत नाही. तिचे मोकळे टोक चाकात किंवा साखळीत जाते. इसाडोरा डंकन ही जगप्रसिद्ध नर्तकी १९२७ साली फ्रान्समध्ये नीस गावी अशीच गेली. गळ्यातला लांब रुमाल उघड्या मोटारीच्या चाकात गुंतला. आपल्याकडे मागे बसलेल्या बाईचा पदर, शाल, ओढणी यांची हीच भीती. म्हणून १९८९ च्या केंद्रीय नियमांत मागे धरायला मूठ आणि चाकावर आच्छादन सांगितलेले आहे. मफलर गुंडाळायचा तर दोन्ही टोके कोटाच्या आत.

बाकी पोषाखाची गोष्ट थोडक्यात, कारण ती कळली की सोपी आहे. आत घाम टिपणारे, मध्ये ऊब धरणारे, बाहेर वारा अडवणारे. आणि गळा व मनगटे बंद. पावसाळ्याचा रेनकोट स्वेटरवर चढवला तर हिवाळ्यातही तो उपयोगी पडतो, हे पुष्कळांना सुचत नाही. मोजे घट्ट नकोत; घट्ट मोज्याने रक्त अडते आणि बोटे अधिकच गारठतात. नुसते लोकरीचेही नकोत. वारा आत येतो आणि ब्रेकच्या दांडीवरून ते घसरतात. जाड कानटोपी घालून वर हेल्मेट बसवणारे मी रोज पाहतो. त्याने हेल्मेट सैल बसते आणि पडताना डोक्यावरून निघू शकते. पातळ सुती रुमाल पुरतो. हेल्मेटची काच श्वासाने धुरकट होते, तेव्हा ती बोटभर उघडी ठेवावी. काच वर सारून, डोळे बारीक करून, गळत्या नाकाने जाण्यापेक्षा ते बरे.

पुढच्या ब्रेकचे काय झाले, ते राहिलेच. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे नव्या दुचाकींवर एक सक्ती आली. १२५ घनसेंटिमीटरपर्यंतच्या गाड्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लागतील अशी योजना, त्याहून मोठ्यांना चाक अडकू न देणारी यंत्रणा. पायाचा दाबला तरी पुढचाही थोडा लागतो. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला यात एक गंमत वाटते. जे माणसाला शिकवणे साठ वर्षांत जमले नाही ते शेवटी यंत्रालाच शिकवून टाकले. ठीक आहे; जीव वाचले तर तक्रार नाही. पण आमच्या भागात जुन्या गाड्या सहजी मरत नाहीत. भावाची गाडी पुतण्याकडे येते, पुतण्याची गड्याकडे. आणि पुतण्या असतो पंधरा वर्षांचा. कायद्याने गिअरच्या गाडीला अठरा पुरी लागतात; २०१९ च्या दुरुस्तीने अज्ञान मुलाच्या गुन्ह्यासाठी पालकाला पंचवीस हजारांचा दंड आणि तीन वर्षांपर्यंतची कैद सांगितली आहे. हे मी पालकसभेत सांगितले तेव्हा एक गृहस्थ म्हणाले, “सर, सायकल येते त्याला.” मी गप्प बसलो. त्यांचे उत्तर काही त्यांचे एकट्याचे नव्हते.

त्यानंतर मी एक केले. डिसेंबरातल्या रविवारी, सकाळी ऊन पडल्यावर, कॉलेजच्या मागच्या मैदानाशेजारच्या डांबरी पट्ट्यावर मुलामुलींना बोलावतो. परवाना असलेल्यांनाच. मी काही शिक्षक नव्हे त्या विषयाचा. पुण्याजवळ भोसरीला वाहनचालनाच्या शिक्षणाची मोठी संस्था आहे, तिथले शास्त्र मला येत नाही. मी एवढेच करवतो: ताशी वीसच्या वेगाने या, खडूच्या रेघेपाशी नुसत्या मागच्या ब्रेकने थांबा. कुठे थांबलात तिथे खूण करा. आता दोन्हींनी, पुढचा हळूहळू पिळत. पुन्हा खूण करा. मग दोन खुणांमधले अंतर स्वतःच्या पावलांनी मोजा. ही पावले मोजताना त्यांचे चेहरे पाहण्यासारखे असतात. नंतर मी त्यांना बर्फाच्या पाण्याच्या बादलीत दोन मिनिटे हात घालायला लावतो आणि म्हणतो, आता शर्टाची बटणे लावून दाखवा. हसतात, मग धडपडतात, मग हसायचे थांबतात. गेल्या वर्षी एक मुलगी म्हणाली, “सर, आमचे बाबा रोज असेच जातात हो डेअरीला.” पुढच्या रविवारी ती वडिलांना घेऊन आली. ते दूर लिंबाखाली उभे राहून पाहत होते. शेवटी स्वतःची गाडी घेऊन रेघेपाशी आले.

मामा आता ऐंशीच्या घरात आहेत. राजदूत गोठ्याशेजारी उभी आहे, तिच्या टाकीवर कोंबड्या बसतात. हिवाळ्यात मी पहाटे कॉलेजला निघालो की ते ओसरीवर शेकोटीपाशी बसलेले असतात. माझ्या अंगात आता चांगले वारारोधक जाकीट असते, हातात अस्तराचे मोजे. ते एकदा बोटांकडे पाहतात, एकदा छातीकडे, आणि शेजारची घडी माझ्यापुढे करतात. कालचा पेपर असतो. मी तो घेतो आणि जाकिटाची साखळी खाली ओढतो.